अभियांत्रिकी व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी: चार प्रवेशपत्रांतून निवड कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. मी यांत्रिकी अभियंता असून गेली चार वर्षे वैद्यकीय उपकरणे तयार करणाऱ्या एका कंपनीच्या उत्पादन-विकास विभागात काम करते. अलीकडे एका लहान गटाच्या समन्वयाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तांत्रिक अडचण आली तर ती मला सोडवता येते. मात्र एखाद्या सुट्या भागाचा पुरवठादार बदलायचा झाला, तर त्याचा खर्चावर, वेळापत्रकावर, जोखमीच्या मूल्यांकनावर आणि नियामक मंजुरीवर होणारा परिणाम एकत्रितपणे मांडून वरिष्ठांपुढे ठाम शिफारस ठेवण्याइतकी तयारी माझ्याजवळ नाही, असे मला प्रकर्षाने जाणवते. म्हणून मी अभियांत्रिकी व्यवस्थापनातील पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केले होते.

ड्यूक, डार्टमथ आणि कॉर्नेल या अमेरिकेतील तीन विद्यापीठांतून, तसेच नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या ‘मॅनेजमेंट ऑफ टेक्नॉलॉजी’ या अभ्यासक्रमासाठी मला प्रवेश मिळाला आहे. चारही ठिकाणची माहितीपत्रके मी पुन्हा पुन्हा वाचली. नेतृत्व, नवोन्मेष आणि आंतरविद्याशाखीय दृष्टी हे शब्द सगळीकडेच आहेत, त्यामुळे ती वाचून निवडीला काहीच मदत होत नाही. क्रमवारीच्या याद्या पाहाव्यात, तर त्या बहुधा संपूर्ण विद्यापीठाच्या किंवा संपूर्ण अभियांत्रिकी शाखेच्या असतात. या विशिष्ट पदवीबद्दल त्या फारसे काही सांगत नाहीत.

या अभ्यासक्रमांतील खरा फरक कोठे शोधावा, नोकरी देणारे या पदवीकडे कसे पाहतात, आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम घ्यावा की दोन वर्षांचा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

पहिले उत्तर

उत्पादन-विकासाच्या गटांसाठी माणसे निवडण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूचे आहे.

माहितीपत्रक बाजूला ठेवून आपण आधी एकच गोष्ट शोधावी: हा अभ्यासक्रम विद्यापीठातील नेमक्या कोणत्या विभागाच्या छत्राखाली चालतो. सक्तीचे विषय कोणते, ते कोण शिकवते, वर्गात शेजारी कोण बसते आणि कोणत्या कंपन्या भरतीसाठी येतात, या साऱ्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. अभियांत्रिकी व्यवस्थापन हा विषय वेगवेगळ्या विद्यापीठांत वेगवेगळ्या वाटांनी आला आहे. अमेरिकेत या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग १९६७ मध्ये मिसुरी राज्यातील रोला येथे सुरू झाला. इतर अनेक ठिकाणी मात्र तो औद्योगिक अभियांत्रिकीच्या पोटातून वाढला, काही ठिकाणी व्यवस्थापन शाळेशी हातमिळवणी करून उभा राहिला, तर काही ठिकाणी अभियांत्रिकी शाळेने तो स्वतंत्र व्यावसायिक पदवी म्हणून मांडला.

आपल्या यादीतच ही विविधता दिसते. ड्यूकचा अभ्यासक्रम प्रॅट अभियांत्रिकी शाळेची स्वतंत्र व्यावसायिक पदवी आहे. व्यवस्थापन, विपणन, वित्त आणि बौद्धिक संपदेसह व्यवसायविषयक कायदा हा त्याचा गाभा असून त्याभोवती तांत्रिक आणि व्यवस्थापकीय ऐच्छिक विषय रचलेले आहेत. डार्टमथचा अभ्यासक्रम थेअर अभियांत्रिकी शाळेचा आहे, पण त्यात टक व्यवस्थापन शाळेचे प्राध्यापकही शिकवतात. टक ही १९०० साली स्थापन झालेली, व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी देणारी जगातील पहिली शाळा, त्यामुळे ही भागीदारी नावापुरती नाही. कॉर्नेलचा अभ्यासक्रम स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या विभागात आहे. आपण यांत्रिकी शाखेच्या आहात, म्हणून तो आपल्यासाठी बंद आहे असे अजिबात नाही. परंतु मोठे प्रकल्प, पायाभूत सुविधा आणि प्रणालींचे प्रतिमानीकरण (मॉडेलिंग) यांकडे तेथील काही प्राध्यापकांचा ओढा असणे स्वाभाविक आहे, हे लक्षात घ्यावे. डेल्फ्टचा अभ्यासक्रम तंत्रज्ञान, धोरण आणि व्यवस्थापन या विद्याशाखेचा असल्यामुळे तिथे तंत्रज्ञान समाजात आणि बाजारात कसे रुजते, हा प्रश्न पुढे येतो आणि संशोधनपद्धतीवर अधिक भर पडतो.

या चारही अभ्यासक्रमांची सक्तीच्या विषयांची यादी एका कागदावर शेजारीशेजारी लिहून काढा. ऐच्छिक विषयांची यादी नेहमीच लांबलचक आणि मोहक असते, परंतु त्यांतील निम्मे विषय आपल्या सत्रात शिकवलेच जात नाहीत किंवा त्यांतील जागा आधीच भरलेल्या असतात. पदवीचा खरा स्वभाव सक्तीच्या विषयांतून कळतो.

नोकरी देणाऱ्यांच्या दृष्टीबद्दल सांगायचे, तर विद्यापीठाचे नाव अर्ज वाचला जाण्यापुरते उपयोगी पडते. मुलाखतीत मी उमेदवाराला त्याच्या प्रकल्पाबद्दल विचारतो: निर्णय कोणता होता, पर्याय कोणते होते, माहिती अपुरी असताना तुम्ही काय गृहीत धरले आणि तुमच्या शिफारशीचे पुढे काय झाले. ज्याने खऱ्या कंपनीचा खरा प्रश्न हाताळला आहे, तो या प्रश्नांवर तासभर बोलू शकतो. केवळ वर्गातली तयार उदाहरणे सोडवलेला उमेदवार दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. त्यामुळे प्रकल्प सक्तीचा आहे का, तो बाहेरच्या संस्थेसाठी करायचा असतो का, आणि त्यावर प्राध्यापक किती वेळ देतात, हे प्रत्येक विद्यापीठाला स्पष्टपणे विचारा.

दुसरे उत्तर

मी औद्योगिक अभियांत्रिकी विभागात ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे गणिताच्या आधारे निर्णय घेण्याचे शास्त्र, शिकवते. वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त त्यात एक बाजू राहून गेली आहे, असे मला वाटते, आणि ती म्हणजे अभ्यासक्रमातील गणिताची खोली.

आपण पुरवठादार बदलण्याचे जे उदाहरण दिले आहे, ते नीट पाहा. त्यात अनिश्चितता आहे, एकमेकांशी झगडणारी उद्दिष्टे आहेत आणि चुकीच्या निर्णयाची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात जोखीम-व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१ हे मानक आपण रोज वापरत असाल. संभाव्यता आणि हानीची तीव्रता यांचा विचार त्यात आहेच. पण अनेक ठिकाणी त्याचे रूपांतर ठरावीक तक्ते भरण्यात होते. त्या तक्त्यामागचा विचार, म्हणजे अनिश्चिततेत निर्णय कसा बांधावा, आणखी माहिती मिळवण्यासाठी खर्च करणे केव्हा योग्य ठरते आणि केव्हा नाही, हे निर्णयविश्लेषण या विषयात शिकवले जाते. या विद्याशाखेला हे नाव स्टॅनफर्डचे रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६० च्या दशकात दिले, आणि तेथील मॅनेजमेंट सायन्स अँड इंजिनिअरिंग विभागात ती परंपरा पुढे चालत आली. आपल्या यादीत स्टॅनफर्ड नाही. तरीही चारही विद्यापीठांत निर्णयविश्लेषण, अनुरूपण (सिम्युलेशन), सांख्यिकी आणि इष्टतमीकरण (ऑप्टिमायझेशन) हे विषय कोणत्या पातळीवर शिकवले जातात, ते अवश्य तपासावे. विषयाचे नाव पाहून समाधान मानू नका. सविस्तर पाठ्यनियोजन मागवा आणि त्यातील गृहपाठ पाहा. विद्यार्थ्यांना स्वतः प्रतिमान बांधावे लागते की तयार प्रतिमानाच्या निष्कर्षांवर केवळ चर्चा होते, हे गृहपाठावरून लगेच समजते.

इथे मला मनापासून सांगावेसे वाटते की व्यवस्थापनाचे शिक्षण म्हणजे अभियांत्रिकीतून सुटका, अशी समजूत करून काही विद्यार्थी या पदवीकडे येतात आणि मग त्यांच्या हाती दोन्हीकडचे वरवरचे ज्ञान लागते. आपल्या प्रश्नावरून आपली वृत्ती तशी दिसत नाही, म्हणूनच आपण कठीण विषय टाळू नयेत, असा माझा आग्रह आहे. नेतृत्वाचे विषय उपयोगी असतात, पण ते आपल्याला कामाच्या ठिकाणीही शिकता येतील. संभाव्यतेची गणिते नोकरी सांभाळून एकट्याने शिकणे फार अवघड जाते.

एमबीएशी तुलना आपण विचारलेली नाही, तरी ती पुढे येईलच. एमबीएमध्ये संपूर्ण संस्थेचा कारभार केंद्रस्थानी असतो आणि वर्गात वकिलापासून बँकेतील अधिकाऱ्यापर्यंत सगळे असतात. अभियांत्रिकी व्यवस्थापनात सहाध्यायी जवळपास सगळे अभियंते किंवा विज्ञान शाखेचे असतात आणि तांत्रिक निर्णय केंद्रस्थानी राहतात. ज्यांना तंत्रज्ञानाच्या जवळ राहूनच जबाबदारी वाढवायची आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी एमआयटीचा ‘लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स’ हा १९८८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेला, दोन वर्षांत व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी अशा दोन पदव्या देणारा अभ्यासक्रम आहे. त्यात भागीदार कंपनीतील दीर्घ इंटर्नशिप आणि प्रबंध यांची सांगड घातलेली असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. सक्तीच्या विषयांचा तक्ता मी आजच करायला घेतला आणि डेल्फ्ट व ड्यूक यांच्यात किती अंतर आहे, ते पहिल्यांदाच स्पष्ट दिसले.

थोडी अधिक माहिती देते. मला सल्लागार कंपनीत किंवा वित्तक्षेत्रात जायचे नाही. उपकरणांच्या विकासातच राहायचे आहे. पदवीनंतर काही वर्षे त्याच देशात काम करण्याची इच्छा आहे, कारण खर्चाचा मोठा भाग कर्जातून उभा राहणार आहे. कॉर्नेलचा अभ्यासक्रम दोन सत्रांत पूर्ण होतो, म्हणून तो कमी खर्चाचा वाटतो. हा विचार बरोबर आहे का?

तिसरे उत्तर

मी स्वतः अमेरिकेत दोन सत्रांचा असाच एक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि सध्या उत्पादन नियोजनात काम करतो. विद्यापीठाचे नाव इथे महत्त्वाचे नाही, म्हणून ते लिहीत नाही. आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कालावधी म्हणजे फक्त शुल्क असा हिशेब अनेक जण करतात आणि तो अपुरा असतो.

अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेरच्या कंपनीत काम करण्यासाठी सीपीटी ही परवानगी लागते, आणि सर्वसाधारण नियम असा आहे की त्याआधी एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेले असावे. अभ्यासक्रमाने सुरुवातीपासूनच असे काम सक्तीचे केले असेल, तेवढाच पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अपवाद. आता दोन सत्रांच्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. ऑगस्टमध्ये सुरुवात होते आणि मे महिन्यात पदवी हातात येते. उन्हाळी इंटर्नशिपची जागा त्यात उरतच नाही. तीन सत्रांच्या रचनेत मात्र दोन सत्रांनंतर उन्हाळा येतो, त्यात इंटर्नशिप करता येते आणि शेवटच्या सत्रात परत येऊन नोकरीचा शोध घेता येतो. ड्यूकचा अभ्यासक्रम दोन किंवा तीन सत्रांत करण्याची सोय आहे आणि इंटर्नशिप हा त्याचा भाग आहे. डार्टमथची वर्षाची विभागणी सत्रांऐवजी चार छोट्या टप्प्यांत असते, त्यामुळे तिथल्या इंटर्नशिपचे वेळापत्रक स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

दुसरा मुद्दा शोधाच्या काळाचा. मोठ्या कंपन्यांची भरती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जोरात सुरू होते. दोन सत्रांच्या अभ्यासक्रमात नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात पूर्णवेळ नोकरीसाठी मुलाखती द्याव्या लागतात, आणि तेव्हा सांगण्यासारखे नवे काही त्याच्याजवळ नसते. आपल्याजवळ चार वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे ही अडचण आपल्याला काहीशी कमी भासेल. थेट पदवीनंतर येणाऱ्यांना ती फार जाणवते.

तिसरा मुद्दा पदवीनंतरच्या परवानगीचा. अमेरिकेत सर्वसाधारणपणे १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळते, आणि पदवी एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित) म्हणून मान्य असेल तर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. ही मान्यता पदवीच्या नावावरून ठरत नाही. विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमाला दिलेल्या सीआयपी संकेतांकावरून, म्हणजे अभ्यासक्रमांच्या अमेरिकी सरकारी वर्गीकरणातील क्रमांकावरून ठरते. एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम दोन विद्यापीठांत वेगळ्या संकेतांकाखाली असू शकतात. अभियांत्रिकी किंवा औद्योगिक व्यवस्थापनाचा १५.१५०१ हा संकेतांक मान्य यादीत आहे. सर्वसाधारण व्यवसाय-प्रशासनाचा संकेतांक त्यात नाही. प्रवेश स्वीकारण्याआधी आपल्या अभ्यासक्रमाचा संकेतांक विद्यापीठाकडून लेखी मागवा, आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडूनच मागवा. प्रवेश विभागातील व्यक्तीचे तोंडी आश्वासन पुरेसे समजू नका. मुदतवाढीसाठी नियोक्ता ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्याची काम करण्याची पात्रता तपासणाऱ्या सरकारी व्यवस्थेत नोंदलेला असावा लागतो आणि प्रशिक्षणाचा लेखी आराखडा द्यावा लागतो, म्हणजे फार लहान कंपनीत काम करण्याचा विचार असेल तर हेही आधी पाहावे लागेल. पहिल्या १२ महिन्यांत बेरोजगारीचे एकूण दिवस ९० पेक्षा जास्त झाले तर परवानगी धोक्यात येते, हे कर्ज घेऊन जाणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे.

डेल्फ्टचे गणित वेगळे आहे. अभ्यासक्रम १२० ईसीटीएसचा (युरोपातील श्रेयांक), म्हणजे दोन वर्षांचा असून त्याचा शेवट प्रबंधाने होतो, आणि तो प्रबंध एखाद्या कंपनीसोबत करता येतो. सहा महिने एका कंपनीच्या प्रश्नात बुडून काम करणे ही माझ्या मते कोणत्याही उन्हाळी इंटर्नशिपइतकीच मोलाची गोष्ट आहे. नेदरलँड्समध्ये पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी एक वर्षाचा वास्तव्य परवाना मिळू शकतो. शिवाय वैद्यकीय उपकरणांचे युरोपीय नियमन, म्हणजे २०२१ पासून लागू झालेला एमडीआर, तिथे राहून जवळून समजून घेता येईल.

म्हणून केवळ दोन सत्रांचे शुल्क आणि तीन सत्रांचे शुल्क यांची वजाबाकी करू नका. तिसऱ्या सत्राचा खर्च एका बाजूला ठेवा, आणि इंटर्नशिपचे उत्पन्न, त्या कंपनीकडून नोकरीची ऑफर येण्याची शक्यता व शोधासाठी मिळणारा अधिक वेळ दुसऱ्या बाजूला ठेवून मग ठरवा.

चौथे उत्तर

वरील सगळी चर्चा नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायचे, हे गृहीत धरून चालली आहे. आपल्याकडे कामाची जागा आहे, गट आहे आणि सोडवायचे प्रश्नही समोर आहेत. अशा वेळी नोकरी न सोडता शिकण्याचा पर्याय एकदा तरी गंभीरपणे तपासावा, असे मला वाटते. ड्यूकचाच अभ्यासक्रम ऑनलाइन उपलब्ध आहे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी अशीच पदवी देते, आणि अधिक अनुभव असलेल्यांसाठी एमआयटीचा ‘सिस्टिम डिझाइन अँड मॅनेजमेंट’ आहे. शिकलेले दुसऱ्याच आठवड्यात आपल्या गटात वापरून पाहता येणे, हा फायदा पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळत नाही. अर्थात परदेशात काही वर्षे काम करणे हे आपले उद्दिष्ट पक्के असेल, तर हा मार्ग आपल्यासाठी नाही, कारण दूरस्थ पदवीमुळे तिथे काम करण्याची परवानगी मिळत नाही.

दुसऱ्या उत्तराच्या लेखिकेकडून पुरवणी

चौथ्या उत्तरातील सूचना विचार करण्याजोगी आहे. परंतु आपण दिलेले कर्जाचे आणि परदेशी अनुभवाचे कारण पाहता पूर्णवेळ शिक्षणच आपल्या उद्दिष्टाशी जुळते, असे माझे मत आहे. एक व्यावहारिक सूचना करते. चारही ठिकाणी आपल्यासारख्याच क्षेत्रातून आलेल्या दोन-दोन सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि ती नावे विद्यापीठाने सुचवलेली नसतील याची काळजी घ्या. ‘अभ्यासक्रम कसा आहे’ असे विचारले, तर सगळे चांगलेच सांगतील. ‘तुम्हाला हवा असलेला कोणता विषय घेता आला नाही, आणि का’ हे विचारा. अभियांत्रिकीच्या इतर विभागांचे किंवा व्यवस्थापन शाळेचे विषय प्रत्यक्षात किती खुले आहेत, हे त्या एका उत्तरातून कळेल. ड्यूकला जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा भक्कम विभाग आहे; आपल्याला तिथले उपकरण-रचनेचे विषय घेता येणार असतील, तर माझे मत त्या बाजूला झुकेल. घेता येणार नसतील, तर मी डेल्फ्टचा विचार अधिक गांभीर्याने करीन.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ऑनलाइन पर्यायाचा मी विचार केला होता, पण माझ्या सध्याच्या कंपनीत उपकरणाच्या रचनेचे मुख्य निर्णय दुसऱ्या ठिकाणी घेतले जातात, त्यामुळे इथे राहून शिकलेले वापरण्याची संधी मर्यादित आहे. शिवाय परदेशात काम करण्याचे माझे ठरलेले आहे.

तक्ता पूर्ण झाल्यावर कॉर्नेल मी यादीतून काढले आहे. त्याचे कारण दर्जा नाही. दोन सत्रांत इंटर्नशिपला जागा नाही आणि माझ्या क्षेत्राशी त्या विभागाचे नाते दूरचे आहे. डार्टमथमध्ये व्यवस्थापन शाळेचे विषय मला फार आकर्षक वाटतात, पण निर्णयविश्लेषण आणि सांख्यिकी यांचे पाठ्यनियोजन अजून हाती आलेले नाही. ड्यूकला आज मी दोन प्रश्न लेखी पाठवले: अभ्यासक्रमाचा सीआयपी संकेतांक कोणता, आणि मागील वर्षी या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना जैववैद्यकीय विभागाचे कोणते विषय प्रत्यक्षात घेता आले. डेल्फ्टकडे मागील काही वर्षांत वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांसोबत झालेल्या प्रबंधांचे विषय विचारले आहेत. ही उत्तरे आली की इथेच कळवीन. दरम्यान, डार्टमथ किंवा डेल्फ्ट येथे शिकलेल्या कोणी हा मजकूर वाचला, तर तेथील प्रकल्पाच्या किंवा प्रबंधाच्या मार्गदर्शनाबद्दल आपला अनुभव लिहावा, ही विनंती.